बोरूवाल्या आजीला पत्र

बोरूनं लिहायचे दिवस होते तेव्हाची ही गोष्ट. बाजारपेठेच्या एका गावात एक लेखनिक राहत होता. ज्यांना लिहिता येत नसे त्यांची पत्रं तो लिहून देई, आणि ज्यांना येत असे तेही त्याच्याकडेच येत. कारण त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि पत्राचे मायने असे भरजरी, की नुसता मायना ऐकूनच माणूस फुगून बसायचा. लेखनिक डावखुरा होता. डाव्या हातानं इतकं देखणं लिहिणारा पंचक्रोशीत दुसरा कुणी नव्हता. हे त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच ठाऊक होतं.

दसऱ्याच्या दिवशी त्यानं पाटावर बोरू आणि दौत मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली आणि हात जोडले. बायको शेजारी उभी होती.

"बोरूला नमस्कार झाला," ती म्हणाली. "पण ज्या आजींनी तो तुमच्या हाती दिला, त्यांना कधी करणार?"

लेखनिक चपापला. त्याच्या जन्मगावी नदीकाठी एक बोरूवाली राहायची. ती भेटली नसती तर तो आज कुणाची तरी गुरं वळत असता. तीस वर्षं तो जगाचे आभार जगाला पोचवत होता आणि तिला त्यानं एक ओळही लिहिली नव्हती. त्याला मनापासून लाज वाटली.

"आजच लिहितो," तो म्हणाला. "असं लिहितो, की सगळं गाव बघत राहील!"

आणि खरोखरच त्यानं तसं लिहिलं. 'सकलगुणमंडित, परोपकारदक्ष, करुणेचा केवळ महासागर' असा मायनाच अर्धा हात लांब झाला. पुढे तिच्या ज्ञानाला सूर्य म्हटलं, मायेला चंद्र म्हटलं, शेवटी सोनेरी शाईची वेलबुट्टी काढली आणि पत्र जासुदाच्या हाती दिलं.

तिसऱ्या दिवशी जासूद परत आला. पत्रही त्याच्यासोबत परत आलं.

"आजीबाई म्हणाल्या, पत्ता चुकलाय," जासूद म्हणाला. "त्यांना वाचता येत नाही, म्हणून देवळातल्या गुरवाकडून वाचून घेतलं. दोन ओळी ऐकल्या अन् म्हणाल्या, 'हे कुणा तरी मोठ्या घरच्या बाईचं पत्र दिसतंय. ती बिचारी वाट बघत असंल. लौकर न्या परत.'"

"अहो, पण खाली माझं नाव होतं की!"

"त्या नावाचं कुणी त्यांना आठवेना. आणि आता पत्र पाठवायचं असलं तर घाई करा. पुनवेला सकाळी त्या गाव सोडताहेत. घाटापलीकडं भाच्याकडं जाताहेत, कायमच्या. म्हणत होत्या, जन्मभर बोरू तासले, ते झिजले अन् लोकांनी टाकले, माझ्या हातून काही झालं नाही."

पुनव दोन दिवसांवर आली होती.

त्यानं ते पत्र उघडून पुन्हा वाचलं, यावेळी गुरवाच्या डोळ्यांनी. आणि त्याच्या ध्यानात आलं, की मागच्याच महिन्यात एका सरदाराच्या वतीनं त्यानं राजवैद्यांना हेच पत्र पाठवलं होतं! फक्त 'वैद्यराज' होतं तिथं 'माउली' घातलं होतं. म्हातारीचं काय चुकलं? पत्रात ती कुठंच नव्हती.

मग तिला काय लिहायचं? खरं काय घडलं ते त्याला स्वच्छ आठवत होतं. पण ते लिहायचं म्हणजे आपली फजिती आपल्याच हातानं कागदावर मांडायची, आणि गुरव ती गावभर करणार. एवढ्या नावाजलेल्या लेखनिकाला ते जड गेलं. मग त्यानं सोनेरी शाई बाजूला सारली, साधा कागद घेतला आणि मायना न घालता लिहायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे, जासुदावर न सोपवता, तो स्वतःच निघाला.

दिवेलागणीच्या आधी तो नदीकाठच्या झोपडीशी पोचला. आजीची बोचकी बांधून झाली होती. दारात शेजारीण उभी होती आणि आजी तिला बोरू तासायची सुरी देत होती.

"घे बाई, भाजी चिरायला होईल. मला आता काय करायचीय?"

शेजारीण सुरी घेऊन गेली. लेखनिक पुढं झाला. आजीनं त्याला ओळखलं नाही.

"आजी, तुमचं पत्र आहे."

"पुन्हा तेच? अरे बाबा, ते माझं नव्हं!"

"हे दुसरं आहे. वाचून दाखवू?"

तोंडानं बोलायला गेला असता तर त्याला एक शब्द फुटला नसता. म्हणून त्यानं कागद उघडला आणि वाचू लागला.

"'आजी, मी आठ वर्षांचा होतो. डाव्या हातानं लिहितो म्हणून पंतोजींनी माझा डावा हात पाठीशी बांधला होता. मी शाळेतून पळालो आणि पाटी नदीत फेकून दिली. तुम्ही काठावर बोरू तासत होता. मी रडत होतो, नाक गळत होतं.'"

आजीनं मान वर केली. "पुढं?"

"'तुम्ही माझ्या हाताची गाठ सोडली. मला लिहायला लावलं आणि बघत राहिलात. मग म्हणालात, चूक बोरूची आहे पोरा, तुझ्या हाताची नव्हे. आणि टोकाचा काप उलट्या बाजूनं तिरपा देऊन तुम्ही मला नवा बोरू करून दिलात. हात ओळीच्या खाली धर, म्हणजे शाई पुसणार नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. त्या दिवसापासून आजपर्यंत मी...'"

पुढं त्याला वाचता येईना. अक्षरं त्याचीच होती, पण दिसत नव्हती.

"अगं बाई, तो रडका!" आजी एकदम म्हणाली. "दुसऱ्या दिवशी अजून दोन बोरू मागायला आला होता. लई गोड पोर. कुठं असतो रे तो आता? लिहायला शिकला का?"

लेखनिकानं डाव्या हातातला कागद तिच्यापुढं धरला.

आजीनं आधी त्या हाताकडं पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडं. दोन्ही हातांनी तिनं त्याचा हात धरला. तिला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं तिला खोकला आला. लेखनिकानं तिला पाणी दिलं आणि वाकून नमस्कार केला. इतका आनंद त्याला आजवर कुठल्याही पत्रानं दिला नव्हता.

"आता तरी हे पत्र तुमचंच ना?" त्यानं विचारलं.

"माझंच की! आण इकडं." आजीनं कागदाची घडी करून कनवटीला लावली. मग ती लगबगीनं उठली आणि शेजारच्या दाराशी जाऊन मोठ्यानं हाक मारू लागली.

"अगं ए, माझी सुरी परत दे बाई! भाच्याच्या गावात पोरं असतीलच की. अन् एखादं डावखुरं निघालं तर?"

तात्पर्य: आभार मानताना माणसाची थोरवी गाऊ नये, त्यानं आपल्यासाठी काय केलं ते सांगावं, आणि ते ऐकायला तो आहे तोवरच सांगावं.