जांभळ्या रंगाची हरकत

रंगांना वाचा होती आणि चित्रकारांना ती ऐकावी लागे, त्या काळची गोष्ट. विसूभाऊ चित्रकाराने कॅनव्हासवर आधी जांभळ्या रंगात टेकडी काढली. ती वाळल्यावर पिवळ्याचे जाड फटकारे मारले आणि मधल्या फटींत जांभळा तसाच ठेवला. टेकडीवर लख्ख ऊन पडलं.

पिवळा म्हणाला, "जांभळेकाका, तुम्ही फटीफटींतून डोकावता. आमचं ऊन मळकं दिसतं."

"अरे, मी सावली धरून बसलोय म्हणून तुझं ऊन दिसतंय. मला झाकलंस तर तूही जाशील."

"वय झालं की सगळ्यांना असंच वाटतं," पिवळा म्हणाला. पांढरा आणि नारिंगी हसले. तिघांनी विसूभाऊंकडे हट्ट धरला. विसूभाऊंना वाद नको होता. त्यांनी साऱ्या फटी पिवळ्याने बुजवल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या कुमुदताई चित्र पाहायला आल्या. "पिठलं अगदी हुबेहूब काढलंत हो," त्या म्हणाल्या.

रंगांची तातडीने सभा भरली. ऊन गेलं कुठे, यावर बरीच चर्चा झाली. सावलीचं काम अंगावर घेऊन जांभळ्याने ऐन वेळी दडी मारली, असा ठराव शेवटी एकमताने मंजूर झाला. जांभळ्याने हरकत घेतली नाही. त्याच्या तोंडावर पिवळ्याचा बोटभर थर होता.