शलाकाचं ‘येस’

“...आणि ती म्हणाली, येस! आता तुम्हीच सांगा हेडसर, ही चूक नाही का?”

भागवत ढवळे भर उन्हात टेकडी चढून आले होते आणि धापा टाकत बोलत होते. पायात चपला तशाच आहेत, हे त्यांना मठाच्या ओसरीत शिरल्यावर आठवलं. ते परत जाऊन चपला काढून आले.

निरंजनबुवा चुलीवरून पिठलं उतरवत होते. हे बुवा म्हणजे तालुक्याच्या शाळेतले जुने हेडसर. निम्म्या तालुक्याला इंग्रजी शिकवून झाल्यावर भगवी वस्त्रं घेतली आणि इथं येऊन राहिले. लोक पाया पडतात ते बुवांच्या, पण हाक मारतात हेडसर म्हणूनच.

भागवत त्यांचेच विद्यार्थी. आता स्वतःचा इंग्रजीचा क्लास चालवतात. क्लासची पाटी बसस्टँडवरून दिसते, आणि सरांचा तोरा त्याच्याही पलीकडून.

बुवांनी वर बघितलं. “जेवून आला असशील ना?”

“हो, हो. जेवूनच आलो.”

खरं तर सकाळपासून पोटात एका चहाशिवाय काही नव्हतं. पण असं विचारल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार?

“बरं,” म्हणून बुवांनी एकच ताट घेतलं. त्यात भाकरी ठेवली, पिठलं वाढलं, कांद्यावर बुक्की मारली.

“हं, सांग आता. कोण म्हणालं येस?”

“शलाका. माझी लेक हो. नागपूरला जनावरांच्या डॉक्टरकीला नंबर लागलाय तिचा. येणार की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. परवा जेवताना विषय निघाला. जेवताना आमच्याकडे इंग्रजीच बोलतात, ठाऊक आहे ना तुम्हाला? मी म्हटलं, यू डोन्ट वॉन्ट टू गो दॅट फार, डू यू?”

“विधान नकारी, शेपूट होकारी,” बुवा घास घेत म्हणाले. “बिनचूक.”

भागवतांची छाती फुगली. “बिनचूकच असणार ना! शिष्य कुणाचा? पण पोरगी म्हणते, येस! म्हणजे मराठीतला ‘हो’ उचलला आणि इंग्रजीत नेऊन आदळला. ‘तुला जायचं नाही ना?’ ‘हो, नाही जायचं.’ क्लासमधली निम्मी पोरं याच जागी घसरतात. पण शलाकानं घसरावं? माझ्या पोटच्या पोरीनं? मी तिथल्या तिथं सुधारलं. म्हटलं, येस नाही, नो म्हण. नो, आय डोन्ट.”

“मग?”

“म्हणाली. नो, आय डोन्ट.”

“आणि?”

“आणि...” भागवतांचा आवाज खाली आला. “तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, दार उघडते, पण तोंडातून शब्द नाही. घर खायला उठतं हो, हेडसर. एवढं काय झोंबलं तिला? बापानं व्याकरण सुधारलं तर राग यायला नको ना?”

बुवांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि पिठल्यात बुडवला. लसणाच्या फोडणीचा असा वास सुटला होता की विचारू नका. भागवतांच्या पोटात जोरात गुरगुरलं. ओसरीत झोपलेल्या मांजरीनंसुद्धा डोळे उघडले.

“भूक लागलीय?” बुवांनी विचारलं.

“...लागलीय.”

“मघाशी तर जेवून आलो म्हणालास.”

“अहो, तुम्ही विचारलंतच तसं! जेवून आला असशील ना, म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? उत्तर तुमचं तुम्हीच देऊन टाकलं होतंत. मी आपला नुसता...”

भागवत थांबले.

बुवांनी दुसरं ताट पुढे सरकवलं. भाकरी वाढली.

“भागवत, इंग्रजीत येस कधी म्हणायचं रे?”

या प्रश्नावर भागवत एकदा बाकावर उभे राहिले होते, याच माणसासमोर. त्यामुळे उत्तर पाठ होतं.

“प्रश्न होकारी असो की नकारी, विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. आपलं खरं काय आहे ते बघायचं. ते होकारी असेल तर येस.”

“पूर्ण वाक्यात म्हण.”

“येस, आय...”

घास हातातच राहिला.

“येस, आय डू,” भागवत म्हणाले. अगदी हळू.

परवाचं जेवण त्यांना आता नीट दिसायला लागलं. शलाका ताटात बघून पुटपुटली नव्हती. तिनं सरळ बापाच्या डोळ्यांत बघितलं होतं, धीर गोळा करून एकच शब्द बोलली होती. आणि त्यांनी लगेच बोट वर केलं होतं, क्लासमध्ये करतात तसं.

“हेडसर... तिचं बरोबर होतं.”

बुवांनी त्यांच्या ताटात पिठलं वाढलं.

“माझी पोर चुकलीच नव्हती हो! मला जायचंय म्हणून तिनं तोंडावर सांगितलं. आणि मी गाढव... मी तिच्याकडून नो वदवून घेतलं.”

अख्ख्या गावाच्या चुका काढणारा हा माणूस भाकरीच्या ताटासमोर बसून ढसाढसा रडला. बुवांनी रडू दिलं. पाण्याचा तांब्या तेवढा जवळ सरकवला.

थोड्या वेळानं भागवतांनी तोंडावर पाणी मारलं आणि उठायला लागले.

“आधी खा,” बुवा म्हणाले.

चार घास कसेबसे गिळून भागवत उभे राहिले. “अजून वेळ आहे. आत्ता जातो आणि विचारतो. यू वॉन्ट टू गो, डोन्ट यू?”

“विधान होकारी, शेपूट नकारी.”

“बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे. पण शेपूट आहेच.”

“मग मराठीतच विचारतो. तुला जायचंय ना?”

“ना कशाला?”

साधं एक अक्षर काढायचं, पण आयुष्यभराची सवय जिभेवरून निघता निघेना.

“तुला... जायचंय?”

त्यांनी नुसतं म्हणून बघितलं. याचं उत्तर समोरच्याच्या हातात होतं. हो येईल की नाही, काही भरवसाच नाही. असा प्रश्न त्यांनी वर्गात कधी विचारला नव्हता, घरात तर नाहीच.

ते पुन्हा खाली बसले.

“खरं सांगू, हेडसर? मला तेव्हाच कळलं होतं बहुतेक. ऐकायचं नव्हतं. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच आहोत. ती तिकडे गेली तर संध्याकाळी मी कुणाशी बोलू? चुकलं, तर कुणाला सांगू?”

“कुणाशी बोलू, कुणाला सांगू,” बुवा म्हणाले. “हे चांगलं विचारलंस. याला शेपूट नाही.”

डोळे पुन्हा भरून आले होते, तरी भागवतांना हसू आलं. डोळे पुसून ते उभे राहिले, चपला घातल्या, दोन पायऱ्या उतरले आणि परत वळले.

“विचारतो. अगदी तसंच विचारतो. पण हेडसर... हो म्हणाली तर?”

बुवा ताटं उचलत होते. त्यांनी मान वर केली.

“तर तिला नागपूरला पोचवायला कोण जाणार?”