पहिला ग्लास

“मग रोज अडीचशे लिटर दूध कुणाच्या भीतीपायी गटारात सोडायचं, चाचा?”

बाबालालचाचा व्हॉल्व्हवर हात ठेवून उभे होते. तीस वर्षं डेअरीतला हा व्हॉल्व्ह त्यांच्या हाताखाली होता. उद्यापासून तो नव्याने आलेल्या शर्वाणीच्या हाताखाली येणार होता.

रोज सकाळी पाइप कॉस्टिकने, म्हणजे कातडी जाळणाऱ्या सोड्याने धुवायचे, मग पाण्याने. मग दूध सोडायचं. पाइपात कॉस्टिक उरलं असेल म्हणून पहिली आठ मिनिटं चाचा ते गटाराकडे वळवत. शर्वाणीच्या हिशेबाचा कागद सांगत होता, पाच पुरतात.

“आठ कुणी ठरवली?”

“मी.”

“कशावरून?”

चाचांनी फडक्याने व्हॉल्व्हचं चाक पुसलं.

“म्हणजे सवय. तुमच्या सवयीला रोज पस्तीस म्हशींचं दूध लागतं, चाचा.”

चाचा हसले. “बरं. आज तुझी पाच.”

पाचव्या मिनिटाला तिने स्वतः व्हॉल्व्ह फिरवला. गटार थांबलं. पलीकडे पिशव्या भरू लागल्या.

चाचांनी नळाखाली ग्लास धरला. रोज पहिला ग्लास तेच पीत. आज त्यांनी तो तिच्यापुढे केला.

“माझी आठ मी प्यालो. तुझी पाच तू पी.”

तिने ग्लास ओठांपर्यंत नेला. तेवढ्यात तिची नजर चाचांच्या ओठाच्या कोपऱ्यावर गेली. तिथली कातडी पांढरी पडून आक्रसली होती.

“हे... कशानं झालं?”

“सात मिनिटांनी.”

ग्लास तिथेच थांबला.

तेव्हाचा पंप जुना होता. पाइपही वेगळे होते. तिने हिशेब मनात पुन्हा केला. तो बरोबरच आला. हात वर जाईना.

“आधी टेस्ट करते.”

“कर की. चौथं क्रेट भरलंय. आश्रमशाळेची गाडी दारात उभी आहे. पोरं टेस्ट करून पीत नाहीत.”

तिने धावत जाऊन लाल बटण दाबलं. मशीन थांबलं. इतकी शांतता तिने त्या हॉलमध्ये कधी ऐकली नव्हती.

प्रयोगशाळेत तिने ग्लासातलं थोडं दूध काढून त्यात तपासणीच्या औषधाचा थेंब टाकला. कॉस्टिक असेल तर दूध गुलाबी होतं.

पांढरंच राहिलं.

चारही क्रेटमधली एकेक पिशवी फोडली. थेंब टाकताना बाटली काचेवर वाजत होती.

पांढरं. पांढरं... पांढरं... पांढरं.

ती परत आली आणि ग्लास एका दमात प्याली. नुसतं दूध होतं.

“माझं बरोबर होतं,” ती म्हणाली.

“मग उद्यापासून पाचच.”

“तुम्हाला चालेल?”

“पिणार तू.”

चाचांनी गमबूट काढले आणि भिंतीशी नीट उभे केले. शर्वाणीने रिकामा ग्लास नळाशेजारी पालथा ठेवला.

“चाचा... भीती जात नाहीये.”

चाचा दारापाशी थांबले.

“ती तेवढी गटारात सोडू नकोस.”