भिवरा आणि शब्द न पाळणारा कारभारी

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाच्या ओठांवर उरलेलं नाही. पण तिथे जे घडलं ते विसरण्यासारखं नाही. म्हणून लहानग्यांनो, ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही तर जरा जास्तच कान देऊन ऐका.

त्या राज्याच्या राजाने वेशीबाहेर एक आरोग्यशाळा बांधली होती. दगडी जोतं, वर कौलं, मागे विहीर आणि औषधी झाडांची बाग. कुणाही आजारी माणसाला तिथून माघारी पाठवायचं नाही, अशी राजाची आज्ञा होती. राजा भला होता. पण भल्या माणसांनाही एक खोड असते. एकदा काम नेमून दिलं, की ते झालंच असं ते धरून चालतात. राजाने आरोग्यशाळा आपल्या कारभाऱ्याच्या हाती सोपवली आणि तो निर्धास्त झाला.

कारभाऱ्याच्या जिभेवर साखर होती. तो कुणाला 'नाही' म्हणत नसे. माणसांनो, जो कधीच 'नाही' म्हणत नाही, त्याच्या 'हो'ला काय किंमत द्यायची ते आधी ठरवा.

डोंगरापलीकडच्या एका खेड्यात भिवरा नावाची बाई राहत असे. घरात ती आणि तिची आंधळी आई, एवढ्या दोघीच. एका वर्षी खेड्यात तापाची साथ आली. सख्खे सख्ख्यांना टाकून रानात पळाले, तेव्हा भिवरा घरोघर जाऊन आजाऱ्यांना पेज पाजत होती, त्यांची अंगं पुसत होती. पुष्कळ माणसं तिच्या हातून वाचली. पण अकरा पोरं गेली. कुठल्या मुळीने ती वाचली असती हे तिला ठाऊक नव्हतं, आणि त्या न ठाऊक असण्याचा काटा तिच्या काळजात रुतून बसला होता.

तिची कीर्ती कारभाऱ्याच्या कानावर गेली. तो स्वतः पालखीतून तिच्या दारी आला.

"बाई, तुम्ही आमच्या आरोग्यशाळेत या," तो म्हणाला. "तुमच्यासारख्या हातांची तिथे गरज आहे."

"आईला सोडून कशी येऊ?" भिवराने विचारलं.

"दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी तुम्ही घरी. आमची बैलगाडी तुम्हाला सोडेल आणि परत आणेल."

"आणि एकटीने किती जणांचं बघायचं?"

"एकटीने? छे, छे! दहा आजाऱ्यांमागे एक बाई, असा आमचा नेम आहे. आणखी तीन बाया येणारच आहेत. शिवाय आमचे वैद्यबुवा तुम्हाला नाडी बघायला, काढे करायला शिकवतील. चार वर्षांत तुम्ही स्वतः वैद्य व्हाल!"

हे शेवटचं ऐकून भिवराचे डोळे भरून आले. तिला ती अकरा पोरं आठवली. कारभाऱ्याने तिथल्या तिथे बेलभंडार उचलून शपथ घेतली. भिवराने आईला शेजारणीच्या हवाली केलं आणि ती डोंगर उतरून आली.

आरोग्यशाळेत अठरा आजारी होते. सेवेला भिवरा एकटी.

"बाकीच्या बाया?" तिने विचारलं.

"येतीलच आठवड्याभरात," कारभारी म्हणाला.

आठवडा गेला, महिना गेला. तीनपैकी दोन बाया कधी आल्याच नाहीत. तिसरी आली, पण कारभाऱ्याच्या लेकीचं बाळंतपण निघालं आणि ती बाई आरोग्यशाळेच्या दारातूनच त्याच्या वाड्यावर गेली. बैलगाडीचंही तसंच. कधी बैल लंगडत होता, कधी गाडीवान सासुरवाडीला गेला होता, कधी गाडी वाड्यावरचा भुसा आणायला लागली होती. आठ महिन्यांत भिवरा दोनदा घरी गेली, तीही पायी. दुसऱ्या खेपेला आईने तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हाडं लागतात गं हाताला."

आजारी अठराचे तीस झाले, तिसाचे चाळीस.

भिवरा कारभाऱ्याकडे जाई. तो आता तिला 'तुम्ही' म्हणत नसे.

"अगं, तू आहेस म्हणून तर मला घोर नाही," तो म्हणे. "एवढी पौर्णिमा जाऊ दे."

ती संतापाने फणफणत परत येई. वाटेत ठरवी, आज गाठोडं बांधायचं. पण उंबऱ्यात पाय पडतो न पडतो तोच कुणीतरी हाक मारी, "ताई, पाणी!" आणि राग तसाच गिळून ती घागरीकडे वळे. कारभाऱ्याला ही हाक चांगली ठाऊक होती. त्याचा सारा कारभारच त्या हाकेवर चालला होता.

दसऱ्याला त्याने भरदरबारात भिवराला शेला पांघरला. "महाराज, ही आमची माउली! चाळीस जणांचं एकटी बघते!" तो म्हणाला. दरबाराने माना डोलावल्या, राजा हसला. भिवराला वाटलं, ओरडून सांगावं की एकटी का बघते ते विचारा ना याला! पण इतक्या माणसांपुढे तिला ते धाडस झालं नाही. तिने वाकून नमस्कार केला. त्या नमस्काराची तिला पुढे फार चीड आली.

मग ती दुपार आली.

विणकराची तरुण सून बाळंतपणानंतर तापाने फणफणत आरोग्यशाळेत पडली होती. 'घटकेघटकेला पाणी पाजा, एकटी सोडू नका,' असं वैद्यबुवा बजावून गेले होते. भिवरा सकाळपासून तिच्या उशाशी होती. दुपारी देवळाच्या बांधकामाची परांची कोसळली आणि सात गवंडी रक्तबंबाळ होऊन दारात आले. भिवरा धावली. एकाची जखम बांधावी तोवर दुसऱ्याचं रक्त वाहू लागे. दोन हात, सात माणसं.

ती परत आली तेव्हा विणकराची सून खाटेवर नव्हती. सरपटत घागरीपर्यंत गेली होती, आणि घागरीपासून वीतभर अंतरावर निपचित पडली होती. हात पुढे पसरलेला. कोपऱ्यातल्या झोळीत तिचं लेकरू पाय हलवत होतं.

घरची माणसं आली, तसा कारभारीही आला. पहिल्या दिवसानंतर त्याने आरोग्यशाळेत पाऊल टाकलं ते आत्ताच.

"या बाईच्या हातून हयगय झाली," भिवराकडे बोट दाखवून तो म्हणाला. "आम्ही तिला जाब विचारू."

म्हाताऱ्या विणकराने भिवराकडे पाहिलं. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "घोटभर पाणी होतं गं, बाई."

तो घोट भिवराच्या घशात अडकला तो अडकलाच.

तीन दिवस ती रोज गाठोडं बांधी आणि रोज सोडी. आधी ती स्वतःवर चिडली, मग त्या सात गवंड्यांवरही चिडली, आणि मग त्या चिडण्याची तिला लाज वाटली. जिथे राग जायला हवा होता तिथे तो पोचतच नव्हता. वाटेत चाळीस खाटा आडव्या होत्या.

त्यातल्या एका खाटेवर मांडीचं हाड मोडलेली एक धनगर म्हातारी होती. ती हे सगळं बघत होती.

"बांधतीस काय, सोडतीस काय," चौथ्या दिवशी सकाळी म्हातारी म्हणाली. "मनात हाय तरी काय तुज्या?"

"आजी, मी गेले तर तुम्हाला पाणी कोण देईल?"

"आन तू हुतीस की. त्या पोरीला मिळालं व्हय?"

भिवरा थोबाडीत बसल्यासारखी उभी राहिली.

म्हातारीचा आवाज मऊ झाला. "तुजा दोस न्हाई, लेकी. पर ऐक. म्या पन्नास वरसं मेंढरं राखली. मेंढरांच्या वाड्याचं कुंपण मोडलं, तर धनगर आडवा हुबा ऱ्हातो, कळप आडवतो. एक रात चालतंय. पर रोजच आडवा ऱ्हायला, तर मालकाला वाटतं कुंपण शाबूत हाय. मग त्यो कशाला बांधंल? आन लांडगा येतो त्यो धनगराची पाठ वळल्यावरच येतो."

भिवरा उठली. त्या दिवशी तिने गाठोडं बांधलं नाही. ती सरळ वैद्यबुवांकडे गेली.

"बुवा, मला विद्या शिकवायचं ठरलं होतं. कधी शिकवणार होतात?"

वैद्यबुवा गोंधळले. "शिकवायचं? तुला? मला कुणी काही सांगितलंच नाही."

म्हणजे शब्द मोडला नव्हता. तो दिलाच नव्हता. शपथ घेताना, बेलभंडार हातात असतानाच तो खोटा होता. भिवराच्या अंगाची लाही लाही झाली. पण पहिल्यांदाच तिच्या रागाला वाट सापडली होती, आणि ती वाट सरळ कारभाऱ्याच्या वाड्यावर जात होती.

"कारभारी, मी आरोग्यशाळा सोडते आहे," ती म्हणाली. "आजपासून आठ दिवस काम करीन. नवव्या दिवशी जाईन."

कारभारी हसला. मग ती हसत नाही हे बघून त्याने डोळे वटारले. "आजारी माणसांना टाकून जातेस? पाप लागेल!"

"मी चाळीस जणांना टाकत नाही. चाळीस जणांना माझ्या एकटीवर टाकलं ते तुम्ही. त्यातली एक मेली, तेव्हा बोट माझ्याकडे दाखवलंत तेही तुम्ही. पापाला डोळे असतील तर ते बरोबर दार शोधेल."

कारभाऱ्याचा सूर लगेच पालटला. "भिवराबाई, अहो, रागावता काय? उद्याच्या उद्या दोन बाया आणतो. देवाशपथ!"

"देवाला मध्ये आणू नका," भिवरा म्हणाली. "त्यालाही तुम्ही एकदा फसवलंय."

ते आठ दिवस ती गप्प राहिली नाही. आजाऱ्यांच्या घरची जी जी माणसं भेटायला येत, त्यांना ती पाणी उकळायला, कूस बदलायला, जखम धुवायला शिकवी, आणि शिकवताना सांगे, "इथे चार बाया असायला हव्या होत्या. होती एकच. थोड्याच दिवसांत तीही नसेल. तुमच्या माणसाला घरी नेता येत असेल तर न्या, नसेल तर त्याच्यापाशी बसा. आणि बाकीच्या कुठे आहेत ते विचारा."

विणकराच्या घरीही ती गेली. क्षमा मागितली नाही, सबब सांगितली नाही. त्या दुपारी काय झालं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. म्हातारा खाली मान घालून ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, "तिसरी बाई कारभाऱ्याच्या वाड्यावर आहे म्हणतेस?"

"हो."

"अजून?"

"अजून."

म्हातारा उठला आणि त्याने आपलं पागोटं डोक्यावर ठेवलं.

नवव्या दिवशी भिवरा गेली. जाताना मागे हाका आल्या. प्रत्येक हाकेने तिचा पाय जड झाला, हे खोटं कशाला सांगू? डोंगर चढताना ती रडत होती आणि रडतारडता दातओठ खात होती. पण ती थांबली नाही.

दोन दिवसांत आरोग्यशाळेची दशा सगळ्यांना दिसली. कुणी घाण काढेना, कुणी पाणी भरेना. नातेवाईक आलटून पालटून बसू लागले, आणि जो बसे तो दोन घटकांत म्हणे, "हे एकटी बाई करत होती?" तिसऱ्या दिवशी विणकर पन्नास माणसं घेऊन राजवाड्याच्या दारात उभा राहिला. राजा पायी आरोग्यशाळेत आला. नाकाला उपरणं लावावं लागलं त्याला.

"दहांमागे एक बाई नेमायची, असं ठरलं होतं," तो कारभाऱ्याला म्हणाला.

"महाराज, होती ती बाई पळून गेली!"

खाटेवरून धनगर म्हातारी कडाडली, "ती पळाली न्हाई, म्हाराज! आठ दिस आधी सांगून गेली. पळतोय त्यो ह्योच, पैल्या दिसापासनं!"

राजाने कारभाऱ्याच्या बोटातली मुद्रा काढून घेतली. त्याच्या वाड्यावरची बाई आरोग्यशाळेत आली, आणखी पाच बाया नेमल्या गेल्या. त्या येईपर्यंत घागरी भरायचं आणि भांडी धुवायचं काम कारभाऱ्याकडे आलं. तिसऱ्याच दिवशी त्याची पाठ धरली, आणि कुणालाही त्याची कीव आली नाही.

राजाने भिवराला आणायला माणसं पाठवली. तिने निरोप दिला, "महाराज भले आहेत. पण भल्या राजाने आठ महिन्यांत एकदाही आत येऊन पाहिलं नाही. दरबारात माझ्याकडे बघून ते हसले, तेव्हा एक प्रश्न विचारला असता तर विणकराची सून आज आपल्या लेकराला खेळवत असती. मी येणार नाही."

माणसांना हा निरोप सांगायची भीती वाटली, तरी त्यांनी तो सांगितला. राजाची मान खाली गेली. त्यानंतर दर पंधरवड्याला तो स्वतः आरोग्यशाळेत जाई आणि प्रत्येक खाटेपाशी थांबून विचारी, "तुला पाणी कोण देतं?"

भिवरा आपल्या खेड्यातच राहिली. वैद्यबुवांना लाज वाटली म्हणा, दया आली म्हणा, ते महिन्यातून दोनदा घोड्यावर बसून डोंगर चढू लागले आणि तिला शिकवू लागले. तिच्या हातून पुढे कित्येक पोरं वाचली. पण घागरीकडे पसरलेला तो हात तिला जन्मभर दिसत राहिला. कुणी म्हणे, "झालं गेलं विसर, राग सोड." ती म्हणे, "राग सोडला असता तर मी अजून तिथेच असते, आणि तो कारभारीही."

तात्पर्य: दुसऱ्याने मोडलेला शब्द आपल्या कष्टांनी झाकत राहणं ही सेवा नव्हे, तो चारचौघांत उघडा पाडून निघून जाणं, हीच कधीकधी खरी सेवा असते.