पटक्याला बांधलेला गोटा

"मग त्याला बाहेर ओढतंय तरी कोण, बाबा?"

विचारत होते तालमीचे वस्ताद रायाप्पा. पहाटेच्या धुक्यातून ते नदीकाठच्या फकीरबाबांकडे आले होते.

त्यांचा लाडका पठ्ठ्या सिद्राम तालीम सोडून जहाजावर कामाला जातो म्हणत होता. आईबापांविना पोर, वस्तादांनीच अंगाखांद्यावर वाढवलेलं. कुणीतरी त्याला नादी लावलंय, अशी त्यांची खात्री होती. ती ओढ तुटेल असा ताईत त्यांना हवा होता.



फकीरबाबांनी वस्तादांच्या डोईचा पटका मागितला. केशरी, फडात मानानं मिळालेला. वस्तादांचा हात जरा अडखळला.

बाबांनी पटक्याला दुहेरी पीळ घातला, टोकाला नदीतला गोटा बांधला आणि म्हणाले, फिरव.

गोटा डोक्याभोवती घुमू लागला. धुक्यात केशरी कडं उमटलं. घूं… घूं… नदी, काठ, सगळं त्या कड्यापलीकडे विरघळलं. तांबड्या मातीच्या हौद्याभोवती लहानगा सिद्राम दुडुदुडु धावतोय आणि त्याचं बोट आपल्या मुठीत आहे, असं वस्तादांना वाटू लागलं…

"काय होतंय?"

"बाहेर ओढ घेतोय, बाबा. मनगट भरून आलं."

"सोड."

वस्तादांनी मूठ आणखी आवळली. गोटा फिरतच राहिला. मग केव्हातरी बोटं सैल झाली.

पटका गोट्यासकट धुक्यात शिरला. लांब पाण्यात डुबुक् असा आवाज आला.

वस्ताद बघतच राहिले. सोडला तेव्हा गोटा काठावरच्या चिंचेच्या अंगाला होता. बाहेरच ओढ असती, तर चिंचेवर आदळला असता. तो तर आडवा, सरळ नदीकडे गेला होता.

"असं कसं?"

"तू सोडलंस त्या घडीला तो नदीकडेच निघाला होता, रायाप्पा. बाहेर त्याला कुणीच ओढत नव्हतं… आत तू ओढत होतास. म्हणून गोल फिरत होता."

वस्तादांनी रिकामी मूठ उघडून पाहिली. उघड्या डोक्याला गार वारा लागत होता. मनगटातली कळ हळूहळू उतरत गेली. पाण्यावरचं धुकं हलत राहिलं…

मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "परत येईल का तो?"

फकीरबाबा नदीकडे बघत होते.

"आधी जाऊ तर दे."