अर्धे ऐकलेले गाऱ्हाणे

पूर्वी वेणुमती नगरात एकतीस राजे राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या एका लहानशा कुळात जन्मला. एकतीस राजे ऐकून कुणी दचकू नये. ते गणराज्य होते. प्रत्येक कुळाचा प्रमुख सभागृहात बसे आणि त्या प्रत्येकाला राजा म्हणत. बोधिसत्त्वाचे नाव सोमिल. त्याच्या वाट्याला नदीच्या खालच्या अंगाचे एक गाव होते, आणि सभागृहात मधल्या बैठकीवरची एक जागा होती.

या मधल्या बैठकीविषयी सांगायला हवे. उजवीकडे भीमरथाच्या पक्षाचे चौदा, डावीकडे यशोमित्राचे चौदा, आणि मध्ये कुणाचेच नसलेले तिघे. रीत अशी की ठराव तीनदा वाचायचा. तिसरे वाचन संपताना जो उभा असेल तो विरुद्ध, जो बसलेला असेल तो बाजूने. मधले तिघे वर्षानुवर्षे बसूनच राहत. आपण काही बोललो नाही म्हणजे आपण काही केले नाही, असे त्यांना मनापासून वाटे. माणसे भली होती, भांडणाचा कंटाळा असलेली. त्यांच्या नुसत्या बसण्याने किती जणांची घरे बसली, हे त्यांनी कधी विचारले नाही, आणि सोमिलही त्यांच्यातलाच एक होता.

त्या वर्षी धर्मासन रिकामे झाले. ती न्यायाची सर्वांत वरची जागा. तिथे बसलेला मरेपर्यंत बसायचा आणि त्याच्या निकालावर दाद मागायची सोय नव्हती. भीमरथाने ऋषिदत्ताचे नाव पुढे केले. ऋषिदत्त विद्वान होता, सीमेवरच्या गावांत वीस वर्षे न्याय करीत आला होता. यशोमित्राच्या लोकांनी लगेच उठवले की तो लाच खातो, त्याच्या परसात सोने पुरलेले आहे. नगरात दुसरा विषय उरला नाही.

सभागृहाच्या पायऱ्यांशी तीन दिवस एक कुंभारीण बसून होती. वसुला तिचे नाव. ऋषिदत्ताने तिच्या नवऱ्याला चोर ठरवून हद्दपार केले होते. येणारे-जाणारे राजे तिला वळसा घालून जात. तिसऱ्या दिवशी सोमिल थांबला.

"बाई, ऋषिदत्त लाच घेतो म्हणतात, ते खरं का?"

"मला काय ठाऊक? माझ्याकडून काही घेतलं नाही त्यानं," ती म्हणाली. "माझं निम्मं सांगून झालं आणि तो उठून गेला. निम्मं राहिलंय. तेवढं कुणीतरी ऐका."

"मग यशोमित्राकडे का नाही गेलीस?"

"गेले होते की. म्हणाले, लाचेचं सांग. मी नाही म्हटलं, तर हाकलून दिलं."

ठरावाच्या वेळी कोणाही राजाला एक साक्षीदार आत बोलावण्याचा हक्क होता. भीमरथाला ही बाई नको होती, कारण ती खरे बोलली असती. यशोमित्रालाही नको होती, कारण ती खऱ्यापेक्षा जास्त काही बोलली नसती. उरले मधले तिघे.

सभेच्या सकाळी भीमरथ स्वतः त्याच्या दारी आला. पावसाने ओढ दिली होती आणि कालव्याचे दार भीमरथाच्या हद्दीत होते.

"सोमिला, भाताची रोपं वीतभर झाली असतील ना तुझ्या गावची?"

"झालीत, दादा."

"लावणीला पाणी लागेल. माझ्या मनात काही वाईट नाही. तू फक्त बसून राहा. जन्मभर बसलास, आज आणखी एकदा."

सभागृहाच्या दाराशी यशोमित्र उभा होता. त्याने सोमिलाचा दंड धरला. "आज उठला नाहीस, तर तुझ्या पंगतीला कुणी बसणार नाही. घरात लग्नाची मुलगी आहे, विचार कर. आणि त्या कुंभारणीला आत आणायचं खूळ डोक्यात घेऊ नकोस."

मधल्या बैठकीवर म्हातारा गोपक आधीच येऊन बसला होता. चाळीस वर्षे तो तिथे बसत होता. सोमिलाचा चेहरा पाहून त्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाबा रे, आपण मधले. आपण भांडण वाढवायचं नसतं. डोळे मीट, होऊन जातं."

लेखकाने ठराव वाचला. डावीकडचे चौदा उठून उभे राहिले. उजवीकडचे चौदा मांडी घालून बसले होते. एकूण एक डोळे मधल्या तिघांवर खिळले.

सोमिल बसून होता. गावातले एकेक खाचर त्याच्या डोळ्यांपुढून जात होते आणि कुठे कोणाचे रोप आहे हे त्याला पाठ होते. बसलो तर पाणी मिळेल, आणि ज्याने निम्मे ऐकून माणूस देशोधडीला लावला तो जन्मभराचा न्यायाधीश होईल. नुसता उठलो तर एका न तपासलेल्या लाचेवर आपण शिक्का मारू. दोन्हीकडे ऐकणे नव्हतेच.

दुसरे वाचन झाले. त्याला भीती वाटत होती, आणि तीही साधीसुधी नव्हे. पळून जावे असे वाटत होते. गोपकाने त्याच्या उपरण्याचे टोक मुठीत धरून ठेवले होते.

लेखक तिसऱ्यांदा वाचू लागला. सोमिल उठला. उपरणे गोपकाच्या मुठीतच राहिले.

डावीकडून आनंदाचा गलका झाला. सोमिलाने हात वर केला. "मी अजून कोणाच्या बाजूचा नाही. मला साक्षीदार बोलवायची आहे. बाहेर वसुला कुंभारीण बसली आहे, तिला आत आणा."

गलका तिथेच विरला. भीमरथ ओरडला, यशोमित्रही ओरडला. त्या दोघांचे एकमत झालेले वेणुमतीने पहिल्यांदाच पाहिले. पण रीत ती रीत. वसुला मातीने भरलेल्या पायांनी आत आली आणि ठरावासाठी सभेत येऊन बसलेल्या ऋषिदत्तासमोर उभी राहिली.

"लाचेचं मला ठाऊक नाही," तिने सुरुवात केली. "कांस्याची घागर चोरीला गेली त्या दिवशी आम्ही मडकी भाजायचा आवा पेटवला होता. आवा पेटला की कुंभार जागचा हलत नाही. हलला तर सगळा माल जातो. मी एवढ्यापर्यंत सांगितलं आणि तुम्ही उठलात. पुढचं हे, की आमच्या आव्यापाशी शेजारची तिघं दिवसभर बसली होती. त्यांची नावं सांगायची राहिली." आणि तिने ती तीन नावे घेतली.

"तुझा नवरा कुठे आहे?" ऋषिदत्ताने विचारले.

"हद्दीपलीकडं तापानं गेला. त्याचं मुंडासं तेवढं आलं."

ऋषिदत्ताची मान खाली गेली. मग तो उठून उभा राहिला. "ही तीन नावं मी ऐकली असती तर तो माणूस सुटला असता. मला भूक लागली होती, म्हणून मी उठलो. दुसरं कारण नाही. राजेहो, या ठरावाविरुद्ध माझंही उभं राहणं धरा."

लेखकाने तिसरे वाचन पुरे केले. सोमिल उभाच होता. त्याच्या शेजारी, गुडघ्यांवर हात टेकीत, म्हातारा गोपक चाळीस वर्षांनी उभा राहिला. ठराव पडला. कोणाचा जयजयकार झाला नाही. यशोमित्राने जाताना सोमिलाकडे पाहिलेही नाही, कारण त्याने पिकवलेली लाचेची कंडी सर्वांसमोर फोल ठरली होती.

भीमरथ शब्दाचा पक्का निघाला. दुसऱ्या दिवशी कालव्याचे दार बंद झाले.

पाच दिवसांत रोपांची टोके पिवळी पडली. सोमिलाने गाव गोळा केला आणि काही न लपवता सगळे सांगितले. माणसे खवळली. कुणी म्हणाले, याला काढून दुसरा राजा पाठवा. तेव्हा सोमिलाची चुलत आत्या धारिणी पुढे आली. तिची खाचरे सर्वांत आधी सुकली होती.

"त्या बाईचं सगळं ऐकलंस?" तिने विचारले.

"सगळं, आत्या."

"मग आता आमचं ऐक. बस खाली."

आणि तिने बोलायला सुरुवात केली. लेकाच्या घरची तोंडे किती, बियाणे कसे जपले, रोपाला कसे पोटच्या पोरासारखे पाहिले, आणि हा कोण शहाणा लागून गेला. तिच्यामागून दुसरी उठली, मग तिसरा. जेवणाची वेळ टळली. ऊन अंगावरून सरकून भिंतीवर गेले. सोमिलाने मध्ये एक शब्द घातला नाही, सबब सांगितली नाही, आणि शेवटचा माणूस बोलून थांबेपर्यंत तो जागचा हलला नाही.

मग धारिणीने डोळे पुसले. "आता घागरी काढा रे," ती म्हणाली, "नदीला अजून पाणी आहे." त्या वर्षी गावाने खांद्यावरून पाणी वाहून तिसरा हिस्सा भात वाचवला. दोन हिस्से गेले. पण सोमिलाला काढून दुसरा राजा पाठवायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

भिक्षूंचे गुरू असलेल्या शास्त्यांनी ही हकिगत सांगितली ती विहारातल्या एका तंट्यानंतर, ज्यात दोन भिक्षू सगळे ठाऊक असून गप्प बसले होते. कथा संपवून ते म्हणाले, "तेव्हाचा ऋषिदत्त आज भिक्षू भद्रक आहे, तो कोणाचेही बोलणे अर्ध्यावर टाकून उठत नाही, हे तुम्ही पाहताच. वसुला आज भिक्षुणी शीला आहे. भीमरथ आणि यशोमित्र ते दोघे, ज्यांचा तंटा काल झाला. गोपक आणि त्याच्या पलीकडे बसलेला तिसरा राजा, ज्याचे नावही कथेत आले नाही, ते तुम्ही दोघे. आणि सोमिल मीच होतो. त्या जन्मी मी समतेची पारमिता आचरली: ज्याने आपले भले होते त्याचे आणि ज्याने आपले नुकसान होते त्याचेही, शेवटपर्यंत ऐकणे."

दोघांपैकी एक भिक्षू मान खाली घालून राहिला. दुसरा उठून उभा राहिला आणि काल काय पाहिले ते सांगू लागला.