म्हणींचं उलटसुलट पुस्तक

"एक पान फाटलं, एक टाका उसवला किंवा एक नवं अक्षर पडलं, तर तुझ्या दुकानाला टाळं!" जहागीरदार सर्फराजखान कडाडले. "सूर्य मावळायच्या आत शंभरच्या शंभर जोड्या जुळल्या पाहिजेत."

समोर पुस्तकं बांधणारा इमाम जिल्दसाज लाल चामड्याचं नवंकोरं पुस्तक पोटाशी धरून उभा होता.

भानगड अशी झाली होती. दुसऱ्या दिवशी पिंपळवेढ्याला बडा इंग्रज साहेब येणार होता. त्याला नजराणा काय, तर म्हणींचं पुस्तक. डाव्या पानावर इंग्रजी म्हण, उजव्या पानावर तिच्याच अर्थाची उर्दू. इंग्रजी पानं दिवाण त्र्यंबकपंतांनी लिहिली, उर्दू मुन्शी दस्तगीरांनी. पंतांना उर्दू वाचता येत नव्हतं, मुन्शींना इंग्रजी. समोरासमोर बसून विचारावं, तर दोघांचंही नाक कापलं जाणार. म्हणून चपराशी मराठीत अर्थ घेऊन या खोलीतून त्या खोलीत महिनाभर पळत होता. एवढी विद्वत्ता शेवटी चपराशाच्या पायावर उभी राहिली.

जोड्या चोख लागल्या. मग पंतांनी आपला गठ्ठा दिला तो डावीकडून सुरू होणारा. मुन्शींनी आपला दिला तो उजवीकडून सुरू होणारा. इमामला दोन्ही लिखाणं मुंग्यांच्या रांगेसारखीच. आले तसे गठ्ठे त्याने समोरासमोर शिवून टाकले. इंग्रजी पहिलीसमोर उर्दू शंभरावी बसली, दुसरीसमोर नव्व्याण्णवावी.

दरबारात वाचन सुरू झालं. पंत डावं पान वाचून मराठीत अर्थ सांगत, मुन्शी उजवं; घोळ दिसला तरी आधी बोलून नाक कोण कापून घेणार? इंग्रजीत घाईची म्हण, समोर उर्दूत कंजुषाची. मानकरी म्हणाले, "वाहवा!" इंग्रजीत पाहुण्याची, उर्दूत खोकल्याची. "क्या बात है!" अशा अकरा जोड्या झाल्या. बाराव्याला खुद्द जहागीरदारांनीच कपाळाला आठ्या घातल्या.

"पंत, आळशी माणसाचा विहिणीशी काय संबंध?"

झालं. तेच मानकरी लगेच म्हणाले, "आम्हाला पहिल्यापासूनच शंका होती, हुजूर."

"चूक जिल्दसाजाची," पंत म्हणाले.

"सरासर त्याचीच," मुन्शी म्हणाले. दहा वर्षांत दोघांचं प्रथमच एकमत झालं.

मग तो टाळ्याचा हुकूम सुटला. तेवढ्यात इमामची पोरगी हलीमा बापाला शोधत आली. हात खळीने माखलेले. तिने सगळं ऐकून घेतलं, हात ओढणीला पुसले आणि पुस्तक मागितलं.

"हुजूर, हे पुस्तक एकट्याने वाचायचं नाहीच मुळी."

"म्हणजे?"

"दाखवते. पंत, इथे डावीकडे बसा. तुम्ही साहेब व्हा. एवीतेवी रोज होताच."

मुन्शी फिसकन हसले. पंत बसले.

"आता तुमच्या बाजूने पुस्तक उघडा. पहिली म्हण वाचा."

पंतांनी वाचली आणि अर्थ सांगितला. घाईचीच. हलीमाने पुस्तक मिटलं आणि तसंच उजवीकडे जहागीरदारांपुढे सरकवलं.

"हुजूर, आता तुम्ही तुमच्या बाजूने उघडा."

जहागीरदारांनी उजवीकडून पुठ्ठा उचलला. पहिलंच पान, उर्दू, घाईची म्हण!

"हीच ती जोडी," मुन्शी उठून उभे राहिले. "अगदी हीच!"

पुस्तक मिटलं, परत पंतांकडे गेलं. पाहुणा आणि पाहुणा. पुन्हा तिकडे, पुन्हा इकडे. बाराव्या फेरीला आळशाला आळशी भेटला आणि विहीण आपल्या घरी गेली.

पंतांचा चेहरा मात्र पडला. "अगं पोरी, साहेबाने एकट्यानेच वाचायला घेतलं तर?"

"तर उजवं पान त्याला कळणार आहे थोडंच, पंत? तुम्हाला दहा वर्षांत नाही कळलं."

जहागीरदार पोट धरून हसायला लागले. पगडी सरकली तरी थांबेनात. "म्हणजे साहेब तिकडून येणार, आम्ही इकडून जाणार, आणि मधल्या पानावर आमची गाठ पडणार!"

"तिथे चहा घ्या, हुजूर, मग पुढे निघा."

जहागीरदारांनी अंगावरची शाल काढून हलीमाच्या खांद्यावर टाकली. दरबारची सगळी पुस्तकबांधणी त्याच घडीला इमामच्या नावावर केली. आणि अकरा वेळा वाहवा करणाऱ्या मानकऱ्यांना आठ दिवस हलीमाच्या हाताखाली खळ ढवळायला पाठवून दिलं.